झिपऱ्यांची पेटी

इंदोरा वस्तीत ताराचंद गजभियेचं घर विचारलं की लोक सरळ पत्ता सांगायचे नाहीत. "पुढं जा, जिथून इंग्रजी बोंबा आयकू येतीन तिथं थांबा," म्हणायचे. आणि माणूस बरोबर दारात पोचायचा. सगळी वस्ती रेडिओवर सिनेमाची गाणी ऐकणारी, नाहीतर भीमगीतांवर मान डोलावणारी, आणि त्यात हा एकटा गडी चार विलायती पोरांच्या मागं लागलेला. पोरं कसली, खांद्यापर्यंत केस वाढवलेले बाप्ये! त्यांच्या बँडचं इंग्रजी नाव घरात ताराचंदशिवाय कोणाच्याच जिभेवर बसत नव्हतं. त्याच्या आईनं, जिजाबाईनं, एकदा रेकॉर्डच्या कव्हरवरचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे चार झिपरे कोणाचे गा?" त्या दिवसापासून ते झिपरे झाले ते झालेच.

ताराचंद खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन होता. तिथं मिस्त्रीच्या हाताखाली नवा नवा खलाशी म्हणून लागला तेव्हा, म्हणजे चौसष्ट-पासष्टच्या सुमारास, कुठल्याशा मशीनसाठी एक गोरा इंजिनीअर येऊन राहिला होता. त्याच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर बसली. ताराचंदनं ती खोलून दुरुस्त केली, आणि चालते का पाहायला म्हणून साहेबानं झिपऱ्यांची रेकॉर्ड लावली. झालं! शब्द एक कळला नाही, पण अंगावर काटा आला. साहेब परत जाताना ती रेकॉर्ड ह्याला देऊन गेला. वाजवायला घरी काही नव्हतं. मग ह्यानं भंगारातून इकडची मोटर, तिकडचा स्पीकर असं जमवत प्लेअर बनवला आणि तेव्हा कुठं ती घरी वाजली. वाजली आणि शेजारचा नत्थू धावत आला, काय झालं, कोणाले लागलं म्हणून.

पुढं जरीपटक्यातल्या ओमप्रकाश सिंध्याशी त्याची गट्टी जमली. ओमप्रकाशचं पंखे-रेडिओचं दुकान, आणि मेहुणा हाँगकाँगला. शिफ्ट सुटली की ताराचंद त्याच्या दुकानात बसून जळालेल्या मोटरी गुंडाळून द्यायचा, आणि ओमप्रकाश मेहुण्याला कळवून झिपऱ्यांची एखादी रेकॉर्ड मागवायचा. अशा करत करत सगळ्या जमल्या. बायको प्रेमिला आधी चिडायची, मग हसायची, मग तिनं नाद सोडला. जिजाबाई मात्र तांदूळ निवडत समोर बसायची आणि मधूनच विचारायची, "हा गाऊन राहिला का रडून राहिला?" ताराचंद म्हणायचा, "दोन्ही करून राहिला माय." म्हातारी म्हणायची, "मंग आपल्यासारखाच हाय बिचारा."

ऐंशीच्या दिवाळीनंतर ओमप्रकाशनं त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. "ताराचंदभाई, बैठ जाओ पहले. बैठ के देखना." आणि पुढ्यात एक काळी, जाड पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची पेटी ठेवली. तिच्यात झिपऱ्यांच्या सगळ्या रेकॉर्डी होत्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. मूळच्या टेपा काढून, त्यातली खरखर झाडून, सगळं नव्यानं छापलेलं. ताराचंदनं पेटी मांडीवर घेतली आणि उघडायच्या आधी दोन्ही हात शर्टाला पुसले, असं ओमप्रकाश पुढं कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

घरी प्रेमिलानं एकेक कव्हर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, पण हे तं सगळेच्या सगळे तुमच्यापाशी हायेत!"

"ते जुने झाले वं."

"मंग मी बी जुनीच झाली. मले बी बदलून आणा हाँगकाँगहून."

जिजाबाई हसून हसून खोकायला लागली. "राहू दे वं पोरी. भांड्याले कल्हई करून आणली असंन, दुसरं काय!"

ताराचंदला तीच गोष्ट नीट समजावून सांगता आली नसती. कल्हईच होती ती. ज्या गाण्यात आजवर त्याला नुसता गलबला ऐकू यायचा त्यात आता मागं हळूच वाजणारा हार्मोनियमसारखा काहीतरी सूर ऐकू यायला लागला, आणि माणूस गाण्याआधी श्वास घेतो तोही. सगळा हिवाळा तो हरखलेला होता.

मग उन्हाळा आला. आपल्याकडचा उन्हाळा काही सांगायला नको. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं रेकॉर्डची काय कथा. आदल्या वर्षी खिडकीपाशी राहिलेली त्याची एक जुनी रेकॉर्ड तव्यावरच्या पापडासारखी फुगली होती, सुई तिच्यावर उड्या मारायची. त्या पेटीचं तसं झालं तर? ह्या एका विचारानं गड्याची झोप उडाली.

घरात कूलर एकच होता. तो त्यानं स्वतः बांधला होता, लोखंडी पत्रा आणून, ओमप्रकाशकडची मोटर बसवून, वाळ्याच्या ताट्या लावून. आणि बांधला होता आईसाठी. जिजाबाईला दोन वर्षांपासून ऊन सोसेनासं झालं होतं, दुपारी तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. गल्लीतला तो पहिला कूलर. लोक बघायला यायचे, बायका म्हणायच्या, पोरगा असावा तं असा. तो कूलर मागच्या खोलीच्या खिडकीला होता, तिथं आईची खाट.

त्यानं तो तिथून काढला आणि समोरच्या खोलीच्या खिडकीला बसवला. समोरच्या खोलीत रेकॉर्डी.

आता त्याच्या बाजूनं सांगायचं तर, आईला तो म्हणाला होता, "माय, तू बी समोरच झोपत जा दुपारी." पण म्हणाला कसा, तर पाहुण्याला जाता जाता जेवता का विचारतात तसा. समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, दिवाणावर पेटी आडवी, खाली जुन्या रेकॉर्डींच्या थप्प्या. म्हातारी म्हणाली, "तुह्या झिपऱ्यात मी कुठी लोळू? मले काही होत नाही. मह्या अंगात लय उन्हाळे मुरले हायेत." आणि ह्यानं ते लगेच मानलं. मानायचंच होतं त्याला.

वर कामावर जाताना रोज सांगून जायचा, "माय, कूलरचं पाणी संपू देऊ नको. पाणी संपलं तं गरम हवा फेकते मेला, झिपऱ्याइले ऊन लागंन." थट्टेत सांगायचा. म्हातारीही थट्टेत म्हणायची, "नाही लागू देत बाप्पा तुह्या लेकराइले ऊन."

कूलर असतो खिडकीबाहेर, पाणी भरायचं तर बाहेरून. नळ सकाळीच जायचा. म्हणून अंगणातल्या ड्रममधून बादली भरायची, घराला वळसा घालून बोळीत जायचं, ताटी सरकवायची आणि ओतायचं. एरवी हे काम प्रेमिला करायची. त्या आठवड्यात प्रेमिला लहानग्या लेकीला घेऊन उमरेडला गेली होती, भावाच्या घरच्या लग्नाला.

त्या दिवशी ताराचंद शिफ्ट करून दुपार कलताना घरी आला. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कुलूप नव्हतंच, दार लोटलं तर आत गार, वाळ्याचा वास दरवळत होता, कूलर झकास चालू. त्याचा जीव भांड्यात पडला. आधी त्यानं दिवाणाशी जाऊन पेटीवर हात ठेवला. थंड. मग त्यानं आत आवाज दिला, "माय, च्या मांड नं वं!" उत्तर आलं नाही. झोपली असेल, झोपू दे बिचारीला, असं म्हणून त्यानं पेटीतली एक रेकॉर्ड काढली, प्लेअरवर ठेवली आणि शर्ट काढून दिवाणाच्या कडेवर बसला. एक पूर्ण बाजू ऐकली. सावकाश, डोळे मिटून. मधल्या एका गाण्याच्या वेळी त्यानं पायानं तालही धरला होता, हेसुद्धा त्याला पुढं आठवायचं.

बाजू संपली. सुई उचलून ठेवली. कूलरमध्ये एक बादली ओतून द्यावी म्हणून तो अंगणात गेला तर ड्रमपाशी बादली नव्हती. मोरीत पाहिली, तिथं नव्हती. बादली शोधत तो बोळीत वळला. हो, बादलीच शोधत. आई त्याच्या डोक्यातच नव्हती.

जिजाबाई कूलरखाली पडलेली होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, बादली आडवी, पाणी कधीचं वाळून गेलेलं. अंग चुलीवरच्या मडक्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. वर तिनं भरलेल्या पाण्यावर कूलर आत झुळूझुळू वारा टाकत होता.

नत्थूनं रिक्षा आणली. दवाखान्यात सलाईन, बर्फ, ओली चादर, सगळं झालं. डॉक्टर चांगला होता, रागावला नाही, पण फाईलवर लिहिता लिहिता म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं." बस, एवढंच. आधी म्हणजे किती आधी, हे त्याच्याइतकं नेमकं कोणाला माहीत होतं?

म्हातारी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. तोवर ताराचंदची मोठी बहीण सुभद्रा कामठीहून येऊन उशाशी बसलेली. डॉक्टरनं विचारलं, "आजी, एवढ्या उन्हात बाहेर कशाला गेला होता?"

जिजाबाईनं ताराचंदकडं पाहिलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मग ती जड जिभेनं म्हणाली, "कुरड्या वाळत घातल्या होत्या... उलट्या कराले गेली."

बोल, आत्ता बोल, असं त्याला आतून कोणीतरी ढोसत होतं. सुभद्रा बघत होती, डॉक्टर बघत होता. तो गप्प राहिला. खोटं तो बोललाच नाही, ते आईनं बोललं. त्यानं फक्त ते तसंच राहू दिलं.

सुभद्रा मात्र गप्प राहणारी बाई नव्हती. संध्याकाळी प्रेमिला बातमी ऐकून उमरेडच्या बसमधून धावतपळत दवाखान्यात आली, तर दारातच तिला गाठलं. "वा वं वा! म्हाताऱ्या मायले कुरड्या राखाले बसवलं अन् तू चालली लग्नात मिरवाले? लाज कशी नाही वाटली वं तुले?" चार बाया ऐकत होत्या. प्रेमिलानं तोंड उघडलं, मग ताराचंदकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत होता. तिनं तोंड मिटलं आणि सासूचे पाय दाबायला बसली.

कूलर त्याच रात्री मागच्या खोलीच्या खिडकीला परत गेला. पेटी कपाटावर गेली. रेकॉर्डींना काही झालं नव्हतं, एकही वाकडी नव्हती. कोणी ऐकायला आलं तर ताराचंद म्हणायचा, सुई तुटली. ओमप्रकाशनं नवी सुई पाठवली, तीही तशीच पडून राहिली.

जिजाबाई पुन्हा धड चालली नाही. एक पाय ओढायची, बोलता बोलता हरवायची. एकदा घरात कोणी नसताना ताराचंद तिच्या खाटेशी बसला. "माय, तू खोटं काहून सांगितलं वं?"

"मंग काय सांगू? लोकं म्हणले असते, गाण्याच्या चकत्यासाठी मायले उन्हात घातलं. तुहं नाव खराब कराचं व्हय?"

"पण ते प्रेमिलावर आलं नं, माय."

"ते बायको हाय. सहन करंन. दोन दिवसांनी इसरतीन लोकं." आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. तो लहान मुलासारखा रडला, पण रेकॉर्डच्या त्या एका बाजूचं तेव्हाही तो तिला सांगू शकला नाही.

लोक विसरले? छे! लोकांना कुरड्या विसरायला लावणं काय सोपं आहे, त्या तर दर उन्हाळ्यात येतात. पुढच्या वर्षी गल्लीतल्या बायका चीक शिजवायला एकत्र बसल्या तेव्हा प्रेमिलाला कोणी बोलावलं नाही, आणि ती पाण्याला गेली की मागून खुसखुस व्हायची. सुभद्रा आली की आईची भाकरी स्वतः करायची, भावजयीच्या हातचं पाणी घ्यायची नाही. हे सगळं ताराचंद पाहायचा. उद्या सांगू, पुढल्या वेळी सुभद्राबाई आली की सांगू, असं मनात घोळवायचा. मग शिफ्टची बस यायची आणि तो निघून जायचा.

त्र्याऐंशीच्या थंडीत जिजाबाई गेली. झोपेतच गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मंडप टाकला, बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो ठेवला, छप्पन साली धम्म घ्यायला जाताना नेसली होती तसं पांढरं लुगडं त्या फोटोत. भन्तेजींनी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी ताराचंदचा आवाज निघेना. शेजारच्यांना वाटलं, आईच्या आठवणीनं गळा भरून आला. नत्थूनं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग आदरांजली. आपल्याकडं अशा वेळी एकेक जण उभा राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. नत्थू बोलला, "ताराचंदनं मायसाठी आपल्या हातानं कूलर बांधला, असा पोरगा कोणाले भेटते?" लोकांनी माना हलवल्या. सुभद्रा उठली आणि रडत रडत म्हणाली, "माय आज असती. पण घरातल्या लोकाइले कुरड्या मोठ्या झाल्या, माय लहान." सगळ्या बायकांच्या नजरा प्रेमिलाकडं वळल्या. प्रेमिला पाण्याचे ग्लास गोळा करत होती, ती करतच राहिली.

ताराचंदची पाळी आली. तो उभा राहिला. एवढी माणसं, पॉवर हाऊसचे सोबती, ओमप्रकाशसुद्धा पांढरा सदरा घालून आलेला. "मायनं आमच्यासाठी बहुत कष्ट केले," तो म्हणाला. आणि खाली बसला.

मंडळी जेवून उठल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. प्रेमिला पातेली एकात एक ठेवत होती. त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्या वर्षीच्या कुरड्या मी उमरेडले जाच्या आधीच डब्यात भरल्या होत्या. अंगणात एक बी कुरडी नव्हती."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "मंग तुले..."

"बोळीत बादली होती नं? नत्थूच्या बायकोनं तीच आणून देली मले. कुरड्या उलट्या कराले कोणी बादली नेते काय?"

"इतके दिवस बोलली काहून नाही?"

"मी बोलली असती तं नणद-भावजयीचं भांडण झालं असतं. तुम्ही बोलाले पाहिजे होतं. मी वाट पाहून राहिली होती. आज बी पाहिली."

ताराचंद तसाच अनवाणी बाहेर धावला. सुभद्रा रिक्षात बसत होती. त्यानं रिक्षाचा दांडा धरला. "बाई, थांब. मले सांगाचं हाय. प्रेमिलाचा काही दोष नाही. माय कूलरमधी पाणी भराले गेली होती. कूलर मी समोर नेला होता, मह्या रेकॉर्डसाठी. मीच तिले सांगून गेलो होतो, पाणी संपू देऊ नको म्हणून."

सुभद्रानं हातातली पिशवी रिक्षात ठेवली. तिचे डोळे पुन्हा भरून आले. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"किती चांगला हायेस गा तू," ती म्हणाली. "बायकोचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिला."

"नाही बाई, खरंच सांगून राहिलो! आईशप्पथ!"

"मायची शप्पथ घेऊ नको. मायनं मले तिच्या तोंडानं सांगितलं, डॉक्टरसमोर. तू तं तिथंच उभा होता नं? तेव्हा काहून नाही बोलला?" तिनं त्याचा दुसरा हात दांड्यावरून काढला. "मरून गेलेल्या मायले खोटी पाडू नको गा. जा, आराम कर." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, चला.

तो परत आला तेव्हा प्रेमिला ओट्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, गल्ली केवढी असते.

"पटलं नाही तिले," तो म्हणाला.

"आता कोणाले पटणार?" प्रेमिला म्हणाली. पण तिचा आवाज मऊ होता. ती जरा सरकली आणि त्याला बसायला जागा केली. "जाऊ द्या. बोलले तं खरं तुम्ही. मह्यासाठी तेवढं बी बहुत हाय."

तो बसला. ती जागा, तो मऊ आवाज त्याला सोसेना. एवढं सांगून मोकळं व्हायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं उरलेलं सांगून टाकलं. घरी कधी आला, पेटीवर हात कसा ठेवला, चहा मांड म्हणून आवाज कसा दिला, रेकॉर्ड कशी लावली. आई भिंतीच्या पलीकडं पडली होती आणि आपण अलीकडं गाणं ऐकत होतो, ते सगळं.

प्रेमिलानं विचारलं, "पूर्ण बाजू आयकली?"

"पूर्ण."

ती उठली. लुगड्याचा पदर खांद्यावर नीट घेतला.

"मले आजवर वाटे, माहा नवरा नुसता भित्रा हाय," ती म्हणाली. "भित्र्या माणसासंगं निभते."

आणि ती आत निघून गेली.